जावयाच्या गाडीची पुढची चाकं

माणसानं आयुष्यात एकदा तरी काहीतरी मोठं करावं, आणि ते करण्याआधी बायकोला विचारावं. शिवदास चोगलेनं यातलं पहिलं तेवढं केलं.

तालुक्याच्या एका कचेरीत सत्तावीस वर्षं कारकुनी करून, 'उद्या या' आणि 'झेरॉक्स कुठाय' या दोन वाक्यांवर अव्वल कारकून झालेला हा गृहस्थ एका रविवारी सकाळी पनवेलला बारशाला म्हणून गेला. संध्याकाळी श्रीवर्धनला परतला तो एका हिरव्या, सात माणसांच्या, चारी चाकं ओढणाऱ्या जुन्या गाडीतून. गाडीचं वय चौदा. कंपनीनं तो नमुना बनवणं बंद केल्याला नऊ वर्षं झाली होती. विकणाऱ्यानं ही बातमी 'साहेब, आता अशा गाड्या बनतच नाहीत' अशा शब्दांत दिली, आणि शिवदासनं ती मान डोलावून ऐकली.

किशोरी, म्हणजे बायको, हातातलं सूप तसंच धरून अंगणात आली. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"घरात माणसं किती आपण?" तिनं विचारलं.

"दोन. लेक पुण्याहून आली तर तीन."

"मग सात सीट कुणाला?"

"अगं, सीटचं सोड. चाकं बघ! चारीच्या चारी ओढतात!"

"स्कूटरची दोन ओढत होती, तेवढ्यात आपलं सगळं होत होतं," असं म्हणून ती आत गेली, आणि त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं.

आता हे चारी चाकं ओढणं म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. साध्या गाडीत इंजीन दोनच चाकं फिरवतं, उरलेली दोन नुसती बरोबर जातात. वरातीतल्या पाहुण्यांसारखी. या गाडीत गिअरच्या शेजारी आणखी एक छोटी दांडी होती. ती ओढली की इंजिनाचा जोर एका लांब लोखंडी दांड्यातून पुढच्या चाकांनाही जातो. त्या दांड्याला शाफ्ट म्हणतात. चिखल असला, वाळू असली, की दांडी ओढायची. डांबरी रस्त्यावर आलं की सोडायची. एवढंच शास्त्र आहे, आणि ते गाडीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. शिवदासच्या गाडीबरोबर पुस्तक आलं नव्हतं. आलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण त्याचं तत्त्व ठरलेलं होतं.

"चार चाकांचे पैसे दिलेत. दोनावर का चालवू?"

हे तत्त्व काही गाडीपुरतं नव्हतं. हा माणूस लग्नाच्या जेवणात मठ्ठ्याचेही तीन पेले पितो, कारण ते ताटात धरलेले असतात. पंखा घेतला तेव्हापासून पाचावर आहे, थंडीत तो पांघरूण घेतो पण पंखा चारावर आणत नाही. तेव्हा दांडी पहिल्या दिवशी जी ओढली ती ओढलेलीच राहिली. कचेरी सव्वा किलोमीटर, बाजार अर्धा किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता, आणि शिवदास चारी चाकांनी कोथिंबीर आणायला जायचा.

आळीत सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारचे सदाभाऊ एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते आणि निवृत्तीनंतरही जेवताना उजवा पाय दाबायचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "शिवदास, वळणावर तुझी गाडी कण्हते. दांडी सोड." शिवदासनं ते ऐकलं आणि मत्सर म्हणून बाजूला ठेवलं. बाकीचे सल्ले मात्र त्यानं मनापासून घेतले. कुणी म्हणालं, टायर मोठे टाका. त्यानं टाकले, पण पुढचे दोनच, मागचे अजून वर्षभर जातील म्हणून. त्यामुळे गाडी सतत चढावर असल्यासारखी नाक वर करून उभी राहू लागली. कुणी म्हणालं, टपावर जाळी हवी. जाळी आली, आणि तिच्यावर किशोरीनं पापड वाळत घातले. एका होमस्टेवाल्यानं मोबाईलवर दाखवलं की असल्या गाड्यांना टपापर्यंत जाणारी एक काळी नळी असते, तिच्यामुळे गाडी गळाभर पाण्यातून श्वास घेत जाते. शिवदासनं ती नळी बसवली. मासळी बाजारात मनुबाईनं गाडी थांबवून विचारलं, "दादा, आत चूल हाय काय?"

आणि मग गाडीच्या कागदांवरचं नाव बदलायला तो आरटीओत गेला.

खिडकीच्या आतल्या बाजूला आयुष्य काढलेला माणूस बाहेरच्या बाजूला उभा राहिला की त्याची काय अवस्था होते, ते बघण्यासारखं असतं. पहिल्या खेपेला त्याला झेरॉक्स विचारली गेली. दुसऱ्या खेपेला चेसिस नंबरचा पेन्सिलीनं घेतलेला छाप मागितला. तो घ्यायला शिवदास इस्त्रीच्या शर्टात गाडीखाली शिरला आणि बाहेर आला तेव्हा शर्टावरच छाप जास्त चांगला उठला होता. तिसऱ्या खेपेला खिडकीतला तरुण म्हणाला, "आरसी बुकात रंग पांढरा आहे. गाडी हिरवी. उद्या या."

"अहो, मीपण सरकारी कारकून आहे," शिवदास खालच्या आवाजात म्हणाला.

"मग तुम्हाला तर सगळं माहीतच आहे," तो तरुण म्हणाला आणि जेवायला गेला.

चौथ्या खेपेला रंगाचं जुळलं, पण नळी दिसली. नळी आरसी बुकात नव्हती. नळी काढून या. नळी काढली, तर बॉनेटला वाटीएवढं भोक राहिलं. त्यावर किशोरीच्या डब्याचं एक स्टीलचं झाकण बसवलं. नाव बदललं, गाडी झाली एकदाची शिवदास काशिनाथ चोगलेंची, आणि परत येताना म्हसळ्याच्या अलीकडच्या वळणावर तिच्या पोटातून असा आवाज आला की रस्त्याकडेच्या दोन म्हशी उठून उभ्या राहिल्या.

लियाकतभाईंचं गॅरेज तिथून जवळ होतं. त्यांनी गाडी वर घेतली, खाली शिरले. मग खालूनच म्हणाले, "चोगलेसाहेब, एक विचारू? रागावणार नाही ना? डांबरावर चारी चाकं लावून किती फिरलात?"

"पाच महिने."

"या अल्ला." खालून पाना ठेवल्याचा आवाज आला. "आणि टायर पुढचे मोठे, मागचे बारके. म्हणजे पुढची चाकं एक बोलतात, मागची दुसरं. सुका रस्ता, सरकायला जागा नाही. मधे गिअरची पेटी आहे बिचारी, तिचे पुढच्या चाकांकडचे दात गेले."

"सगळे?"

"जेवायला होईल एवढे पण नाही राहिले."

नवीन पेटी मिळत नव्हती, कारण अशा गाड्या आता बनतच नव्हत्या. जुन्या बाजारात सापडली तर सापडली, सहा महिने लागतील. तोवर एकच उपाय होता. लियाकतभाईंनी पुढचा शाफ्ट काढून घेतला, गोणपाटात गुंडाळला आणि बाळंतिणीच्या हाती मूल द्यावं तसा शिवदासच्या हाती दिला. "सांभाळून ठेवा. आता गाडी मागच्या दोन चाकांवर मस्त चालेल. दांडी हलेल, पण पुढे काही जाणार नाही. वाळूत, चिखलात मात्र घालू नका. बिलकूल नाही."

शिवदासनं तो शाफ्ट घरी आणून पाहुण्यांच्या खोलीतल्या खाटेखाली सरकवला. किशोरीला म्हणाला, "पाण्याचा पाइप आहे." सत्तावीस वर्षं शासकीय नोंदी प्रामाणिकपणे केलेल्या माणसानं सांगितलेलं हे पहिलं खोटं, आणि ते इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

त्या वेळी चारचौघांत सांगून टाकलं असतं, तर आठ दिवस हसले असते लोक, आणि नवव्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी हसायला गेले असते. पण गाडीच्या मागच्या दारावर 'फोर बाय फोर' अशी चकचकीत अक्षरं होती. ती काढायला त्याचा हात होईना. उलट कुणी बघत असलं की तो चढावर ती मेलेली दांडी ओढायचा, चेहरा गंभीर करायचा आणि मग चढ चढायचा. सदाभाऊ गॅलरीतून बघायचे. गाडी आता कण्हत नाही, हे त्यांच्या कानांनी पहिल्याच दिवशी टिपलं होतं.

अशात नीराबाई राहायला आल्या.

नीराबाई म्हणजे किशोरीची आई. दिवेआगरच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातल्या. पस्तीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी घेऊन वाडीवाडीतून हिंडल्या, आणि त्या चालण्याचा हिशेब गुडघ्यांनी आता मांडला होता. घरातल्या घरात भिंत धरून चालायच्या. गुडघ्यांवर उपचार चालले होते म्हणून पंधरा दिवस श्रीवर्धनला आल्या आणि पाहुण्यांच्या खोलीत, त्या खाटेवर, त्या शाफ्टवर झोपू लागल्या.

दहाव्या दिवशी निकेशचा फोन आला. निकेश त्यांचा मुलगा, शिवदासचा मेहुणा. वादळात घरची जुनी होडी किनाऱ्यावरच फुटली, तेव्हापासून तो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जात होता. आता कुठे नवी होडी तयार झाली होती. पौर्णिमेच्या भरतीला ती पाण्यात घालायची ठरलं होतं. नव्या होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, घरातल्या थोरल्या बाईनं हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि मगच दोराला हात लावायचा, अशी त्यांच्याकडची रीत.

"आये, तू काय चिंता करू नको," फोनवर निकेश म्हणत होता, "तुला खुर्चीत बसवून चार पोरं उचलून नेतील वाळूतून."

नीराबाईंनी फोन खाली ठेवला. बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मग किशोरीला म्हणाल्या, "नको गो बाय. चार मानसांनी उचलून नेयाला मी काय मेली हाय? मी घरातूनच हात जोरीन."

शिवदास दारात चहाचा कप घेऊन उभा होता. सासूबाईंनी पंचवीस वर्षांत त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. आताही मागत नव्हत्या. पण त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचे ते दोन सुजलेले गुडघे पदराखाली झाकलेले होते, आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"आई, मी नेतो तुम्हाला. गाडीनं. थेट नाळेपर्यंत. वाळूसाठीच तर घेतलीय ती."

नीराबाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं जावयबापू. तुम्ही बोल्लंव ना, मग झालं."

त्यानंतरचे पाच दिवस त्यानं कसे काढले, ते त्याचं त्याला ठाऊक. लियाकतभाईंना त्यानं रोज फोन केला. पेटी सापडली नव्हती. दोनदा तो किशोरीला खरं सांगायला स्वयंपाकघरात गेला आणि दोनदा लोणचं मागून परत आला. रात्री भिंतीपलीकडे नीराबाई कूस बदलायच्या, खाट करकरायची, आणि इकडे शिवदास डोळे उघडे ठेवून पडायचा. शेवटी त्यानं मनाशी ठरवलं की ओल्या घट्ट वाळूवरून जायचं, वेग सोडायचा नाही आणि कुलदेवतेचं नाव घ्यायचं. गाडी चालवण्याची ही पद्धत कुठल्याच पुस्तकात नाही.

पौर्णिमेच्या दिवशी दहा वाजता ते कोळीवाड्यात पोचले. भरती साडेबाराची. मासळीचे टेम्पो खाली नेतात त्या उतारावरून गाडी किनाऱ्यावर उतरली. नीराबाई पुढच्या सीटवर, हिरवं लुगडं, मांडीवर ताट, ताटात नारळ. मागे किशोरी. किनाऱ्यावर सगळा वाडा जमलेला. होडी वर सुरूच्या झाडांपाशी उभी, निळी-पिवळी, फुलांच्या माळा घातलेली. ओल्या वाळूवर गाडी सुरेख धावली. पोरं ओरडत बाजूनं पळाली. शिवदासच्या मनात आलं, जमतंय की!

मग होडीकडे जायला त्यानं गाडी वर वळवली, सुक्या वाळूत.

गाडी वीस पावलं गेली. मग मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. वाळूचे दोन फवारे उडाले आणि त्यातला एक बॅण्डवाल्यांवर गेला. गाडी मागून खाली बसली. बसली ती नेमकी होडी आणि समुद्र यांच्या मधोमध, ज्या वाटेनं होडी उतरायची होती त्याच वाटेवर. मागून लाटा येत होत्या आणि प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा जरा वर येत होती.

"भावजी, फोर बाय फोर टाका!" निकेश लांबून ओरडला.

दीडशे माणसं बघत होती. शिवदासनं दांडी ओढली. चेहरा गंभीर केला. ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं आणखी चार बोटं खाली गेली, आणि पुढची, ती मोठे नवे टायर घातलेली चाकं, पाटावर बसलेल्या नवरदेवासारखी स्वस्थ राहिली. त्यानं दांडी पुन्हा ढकलली, पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा दांडीचा गोळा त्याच्या हातात आला.

तो गोळा हातात धरून तो बसून राहिला. शेजारी सासूबाई समोर बघत होत्या. त्यांच्या मांडीवरचा नारळ गाडीच्या कलानं हळूच घरंगळला, तो त्यांनी सावरला.

आता खरं तर लोकांनी हसायला हवं होतं. हसले असते तर बरं झालं असतं. पण शिवदास या गावचा जावई होता, आणि जावयाला हसायची पद्धत त्या वाड्यात नाही. माणसं अतिशय गंभीरपणे गाडीभोवती जमली. होड्या हाकण्यात म्हातारा झालेला एक तांडेल वाकून म्हणाला, "जावयबापू, वाळूच खराब हाय ह्या वर्सी." दुसरा म्हणाला, "व्हय, वाळूचाच दोष."

शिवदास उतरून मागे गेला आणि हातांनी वाळू उपसू लागला. त्याला दोघांनी दंडाला धरून उभं केलं.

"छे छे, भावजी! तुम्ही नाय! तुम्ही बसा!"

आणि प्लास्टिकची एक लाल खुर्ची आली. कुठून आली कोण जाणे, पण लगेच आली. ती गाडीकडे तोंड करून मांडली गेली, त्यात शिवदासला बसवलं गेलं आणि त्याच्या हातात कोकम सरबताचा पेला दिला गेला. तिथून त्याला सगळं छान दिसत होतं. जाडजूड दोर आला, तोही असा चटकन की जणू गुंडाळून तयारच ठेवला होता. फळ्या आल्या. चाकांखाली घालायला गोणपाटं आली. निकेश स्टिअरिंगवर बसला. दोर गाडीच्या पुढच्या कडीत अडकला.

"आये, तू उतर आता," निकेश म्हणाला.

"मी नाय उतरत," नीराबाई म्हणाल्या. "जावय नेतंय मना गारीनं. मी गारीनंच जानार."

मग चाळीस माणसांनी दोर धरला. पोरं, बाप्ये, नऊवारीचा काष्टा खोचलेल्या बायका. एकानं हाळी दिली, बाकीच्यांनी ओढ दिली, आणि सात माणसांची, चारी चाकं ओढणारी ती गाडी, सासूबाईंसकट, वाळूतून इंच इंच वर सरकू लागली. शिवदास खुर्चीत बसून सरबत पीत होता. सत्तर वर्षांचा तो म्हातारा तांडेल दोर ओढत होता, आणि शिवदास बसून सरबत पीत होता. उठायला गेला की कुणीतरी ओढता ओढता ओरडायचं, "जावयबापू, बसा! बसा!" आणि तो बसायचा. खुर्चीचे मागचे पाय हळूहळू वाळूत रुतले आणि तो गाडीसारखाच नाक वर करून बसला. एक लाट येऊन त्याच्या चपला घेऊन गेली. त्या वेळी त्या लाटेनं त्यालाही नेलं असतं तर तो पेला शेजारी ठेवून गेला असता.

बाराच्या सुमारास गाडी होडीच्या वाटेतून बाजूला होऊन नाळेपाशी पोचली. बॅण्ड वाजला. किशोरीनं दार उघडलं, आईचा हात धरला. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिसऱ्या पावलाला नीराबाईंचा तळहात नव्या लाकडावर टेकला. त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं. नवऱ्याचं नाव घेतलं की देवाचं, ते ऐकू आलं नाही. नारळ एकाच घावात फुटला. निकेश डोळे पुसत दुसरीकडे बघायला लागला.

आणि मग मानपान. होडीच्या सुताराला टॉवेल-टोपी. इंजीन बसवणाऱ्याला टॉवेल-टोपी. मग निकेशनं तिसरी टोपी उचलली आणि मोठ्यानं म्हणाला, "आता आमचे भावजी! चारी चाकांनी आमच्या आयेला हितवर आनलं त्यांनी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. चाळीस माणसांच्या तळहातांना दोरानं फोड आले होते, आणि त्याच हातांनी ते टाळ्या वाजवत होते. टोपी डोक्यावर चढत असताना शिवदासला ते फोड दिसले आणि त्याला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की टोपी डोक्यावर धरूनच तो बोलला.

"चारी नाहीत. दोनच. शाफ्ट नाहीये गाडीला. मी मोडली ती. दोन महिने झाले. शाफ्ट घरी खाटेखाली आहे. मी सगळ्यांशी खोटं बोललो. आईंशी पण."

बॅण्ड थांबला. किशोरी म्हणाली, "पाण्याचा पाइप!" आणि तोंडावर हात ठेवला.

नीराबाई नाळेला टेकून उभ्या होत्या. "ठावं हाय मना," त्या म्हणाल्या. "पंधरा दिस त्याच्यावर झोपली मी. पहिल्याच रातीला पाय आपटला त्याच्यावर. दुसऱ्या दिशी शेजारच्या सदाभाऊला इचारलं. तो बोल्ला, हा नाय म्हन्जे पुरची चाका नुसती शोभेची."

"मग..." शिवदासनं वाळूतल्या फळ्यांकडे बोट दाखवलं. "मग हे दोर, फळ्या..."

"मीच काल फोन करून सांगितलं निकेशला. दोर ठेव, फल्या ठेव." थांबून त्या म्हणाल्या, "खुर्ची पन मीच सांगितली व्हती."

"आई, सगळं ठाऊक होतं तर गाडीत बसलात कशाला?"

नीराबाईंनी त्याच्या टोपीकडे पाहिलं. "सगल्यांनी मना उचलायची खुर्ची कारली. तुम्ही एकलं बोल्लंव, नेतो म्हनून. मग मी कुनाच्या गारीत बसू?"

शिवदासनं टोपी काढली, घडी घातली, परत डोक्यावर घातली. काय करावं ते न कळणारा माणूस टोपीचं जे जे करू शकतो ते सगळं त्यानं केलं.

"भरती भरली!" तो म्हातारा तांडेल ओरडला, आणि सगळे होडीकडे धावले. वंगण लावलेले ओंडके वाळूवर अंथरले गेले. दोर सुटले, माणसं दोन्ही बाजूंना लागली. त्या लाल खुर्चीचा आता एक पायच पाण्यावर दिसत होता. शिवदास अनवाणी उभा होता. मग तोही गेला आणि दोराच्या टोकाला, एका बाईच्या आणि एका खलाशाच्या मधे, जागा करून उभा राहिला. त्यानं वाट पाहिली. जावयबापू बसा, असं कुणीतरी म्हणेल म्हणून. कुणी म्हणालं नाही. सगळे ओढण्याच्या घाईत होते.

हाळी आली. त्यानं ओढ दिली. पहिल्याच ओढीला त्याचा पाय ओंडक्यावरून सटकला आणि तो टोपीसकट ओल्या वाळूत तोंडावर आपटला. होडी हलली होती, वरून सरकत येत होती.

"ओ भावजी!" निकेश गळ्याच्या शिरा ताणून ओरडला. "पाय कारा ना मधून! होरी येतेय, दिसत नाय काय? कामाला आलाव तर नीट करा!"

पंचवीस वर्षांत त्या वाड्यात शिवदासवर कुणी आवाज चढवला नव्हता. त्यानं घाईघाईनं पाय काढला, तोंडातली वाळू थुंकली आणि पुन्हा दोर धरला.